गिऱ्हाईक गप्प बसलं होतं

१

माझा धाकटा भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या गेला. कॉलेज बंद करायच्या वेळी शिपाई वाटाघाटीच्या खोलीला कुलूप लावायला आला, तर हा लांब टेबलाच्या पलीकडे बसलेला, पाठ टेकलेली, डोळे मिटलेले. शिपायाला वाटलं, सरांचं नेहमीचंच काहीतरी चाललंय. त्याने दोनदा हाक मारली, मग खांद्याला हात लावला, आणि त्यानंतर जो ओरडला तो सगळ्या मजल्यांवर ऐकू गेला.

भाऊ त्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यापार व्यवस्थापन शिकवायचा. पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. निर्यात, चलन, जहाजभाडं, विमा वगैरे बाकीचे प्राध्यापक बघायचे. ह्याच्याकडे एकच विषय: परक्या देशातल्या माणसाशी समोरासमोर बसून सौदा कसा करायचा. तो परदेशी खरेदीदार व्हायचा, विद्यार्थी विक्रेते व्हायचे. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'गिऱ्हाईक सर'. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. त्यात नवल नव्हतं. जिभेखाली मारायच्या औषधाचा एक फवारा वर्षभर त्याच्या निळ्या कोटाच्या आतल्या खिशात असायचा. एकदा त्याच्यामुळे वाचलाही होता. त्या दिवशी मात्र तो निळा कोट, खिशातल्या फवाऱ्यासकट आणि फोनसकट, वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये खुंटीला लटकत होता. फवारा हाताशी असता तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कदाचित." डॉक्टर लोक हा शब्द फार जपून वापरतात, आणि ऐकणाऱ्याला तो जन्मभर पुरतो.

पोलिसांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटलं. माझ्या भाचीच्या दृष्टीने नाही.

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बाप आणि ही एकुलती एक मुलगी. बाहेरून सगळे म्हणायचे, काय गूळपीठ आहे दोघांचं! आत रोज भांडणं. त्या दिवशी सकाळी तपासणीला जाण्यावरून खटका उडाला. हा टाळाटाळ करत होता, ती चिडली आणि म्हणाली, माझ्याशी बोलूच नका. दुपारी त्याचा फोन आला. तिने नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला.

"आत्या, ते मला मदतीला बोलवत होते," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज घोगरा झाला होता. समोर ताट तसंच झाकलेलं. "त्यांच्या छातीत कळ आली, त्यांनी मला फोन केला, आणि मी उचलला नाही."

"अगं, तुला कसं कळलं की कळ आली म्हणून केला?"

"मग कशाला केला असेल? तू शोध. जन्मभर तेच केलंस ना?"

हे खरं होतं. मी विमा कंपनीची सर्व्हेअर होते. बंदरावर उतरलेला माल बिघडला की मला बोलवायचे. माल सडलाय हे नाक असलेल्या कुणालाही कळतं. तो सडला तेव्हा कुणाच्या ताब्यात होता, विकणाऱ्याच्या, जहाजवाल्याच्या की घेणाऱ्याच्या, हे शोधणं माझं काम. भाऊ मला 'मेलेल्या मालाची डॉक्टर' म्हणायचा. आज त्याच्यावरच ती विद्या चालवायची पाळी आली होती.

"आणि आणखी एक," भाची म्हणाली. "बाबांच्या अंगात कोट होता. राखाडी. आत्या, बाबांकडे राखाडी कोट नाहीच."

२

राखाडी कोटाचा उलगडा शिपायाने उभ्या उभ्या केला.

"तो गिऱ्हाइकाचा कोट, मॅडम. नाटकातला म्हणा ना. सरांच्या केबिनच्या कपाटात असतो. सौदा करायला बसायचं असलं की सर आपला कोट उतरवून तो घालायचे. एकदा तो अंगात चढला की सर कुणालाच ओळखायचे नाहीत. मी चहा घेऊन गेलो तरी परक्यासारखे बघायचे."

म्हणजे भावाचा कोट कुणी पळवला नव्हता. त्याने स्वतःच उतरवला, आणि औषध त्याच्याबरोबर खुंटीला गेलं. इतकी शहाणी माणसं इतक्या साध्या गोष्टीने मरतात.

खोली साधीच होती. खिडकी नाही, दाराला काच नाही. मधोमध लांब टेबल, पलीकडे गिऱ्हाइकाची खुर्ची, अलीकडे विक्रेत्याची. दाराच्या आतल्या बाजूला एक बटण. ते दाबलं की बाहेर चौकटीवर लाल दिवा लागायचा. लाल दिवा असला की आत कुणी पाऊल टाकायचं नाही, दारही वाजवायचं नाही, असा भावाचा दंडक. एकदा प्राचार्यांनी दार उघडलं होतं, तर त्याने त्यांनाही हाताने परत पाठवलं होतं.

"त्या दिवशी दिवा लागला होता?" मी विचारलं.

"दुपारी मी टपाल वाटायला गेलो तेव्हा होता. परत आलो तेव्हाही होता. म्हटलं, आज गिऱ्हाईक चिवट दिसतंय." त्याने जीभ चावली. "कुलूप लावायला गेलो तेव्हा मात्र बंद."

मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पाहिलं. बटण दारापाशी. मेलेला माणूस उठून दिवा मालवून परत खुर्चीत येऊन बसत नाही. कुणीतरी त्याच्यासमोर होतं, बाहेर गेलं आणि जाताना दिवा बंद करून गेलं.

"टेबलावर काय होतं?"

"पाण्याचे दोन ग्लास. दोन्ही काठोकाठ भरलेले. मीच नंतर ओतून टाकले." तो घुटमळला. "तोंडसुद्धा लावलं नव्हतं, मॅडम, कुणी. आणि त्या दिवशी खोलीतलं थंड हवेचं यंत्र बंद पडलेलं. घामाच्या धारा लागत होत्या आत."

मी खाली ऑफिसात विचारलं, त्या दुपारी सरांकडे कुणाचा सराव होता? उत्तर आलं, कुणाचाच नाही. दुसऱ्या दिवशी अंतिम वाटाघाटी होत्या, आणि परीक्षक भाऊच होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी परीक्षकाबरोबर बसलेला विद्यार्थी थेट बाद, असा कॉलेजचा नियम.

म्हणजे त्या खोलीत जो कोणी होता, तो तिथे असायलाच नको होता.

३

भाचीचा संशय विभागप्रमुख बाईंवर होता. भाऊ आणि बाई यांच्यातून विस्तव जात नव्हता. बाईंचं म्हणणं, आता सौदे पडद्यावर होतात, माणसं समोरासमोर बसतात कुठे? भावाचा विषय बंद करून तिथे संगणक बसवायचा त्यांचा विचार होता. भाऊ घरी येऊन त्यांची नक्कल करायचा, आणि ती फार हुबेहूब असायची.

लोकांकडून काही काढून घ्यायचं असेल तर माझी एक रीत आहे. दोन-चार प्रश्न विचारायचे, मग थांबायचं. नुसतं थांबायचं, डोळे मिटून बसायचं. म्हातारी दमली असं समोरच्याला वाटतं, आणि त्या रिकाम्या जागेत तो काय भरतो ते बघायचं. बंदरावर अट्टल कप्तान मी असे बोलते केले आहेत.

बाईंच्या केबिनमध्ये तेच केलं. बाई आधी शोक व्यक्त करत राहिल्या, मग कॉलेजची थोरवी सांगून झाली. मी गप्पच. टेबलावरचं पाणी त्यांनी घटाघटा प्यायलं, रुमालाने तोंड टिपलं आणि अचानक त्यांचा आवाज खाली आला.

"मी गेले होते त्या दुपारी. त्यांचा विषय बंद करायचा कागद आला होता, आणि तो त्यांना माझ्याच हाताने द्यावा असं वाटलं. बघते तर लाल दिवा. आज कुणाचा तास नाही हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, मला टाळायला मुद्दाम दिवा लावून आत बसलेत." त्यांनी चष्मा काढला. "मी दाराबाहेर उभी राहिले, ताई. रागाने नुसती धुमसत होते. हात दारापर्यंत गेलाही होता, पण म्हटलं, नियम म्हणजे नियम. आणि निघून आले."

"आतून आवाज?"

"काही नाही. अगदी चिडीचूप. दोघं मिळून सौदा करतायत असं वाटावं, असा एक शब्दही नाही."

त्या रडत होत्या. मी त्यांना समजवायला हवं होतं. भाऊ आत मरत असताना ही बाई एका फळीपलीकडे उभी होती, आणि तिने त्याचाच नियम पाळला होता.

निघताना त्या म्हणाल्या, "अंतिम वाटाघाटी आता पुढे ढकलल्यात. जिंकणाऱ्याला परदेशातल्या व्यापारी संस्थेत वर्षभराची जागा मिळते. दोघंच उरले होते स्पर्धेत. पण त्यातल्या एकाने काल नाव मागे घेतलं. म्हणतो, सरांशिवाय बसणार नाही."

"कोणी?"

"पोपटने."

४

पोपट आणि कंटेनर. ही नावंही पोरांनीच ठेवलेली. कंटेनर म्हणजे एक उंच, शांत मुलगी. तिच्या पाठीवरच्या पिशवीत अख्खं घर मावत असे. पोपट म्हणजे ज्याच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही तो. भाऊ जेवताना त्याचे किस्से सांगायचा. ह्या पोराच्या जिभेला हाडच नाही म्हणायचा, आणि सांगताना इतका खूश व्हायचा की भाचीला थोडा हेवा वाटायचा.

भावाची शिकवण जगाच्या उलट होती. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो म्हणायचा, आपल्या घरी ठीक आहे, पण परक्या देशात जाल तर आधी गप्प बसायला शिका. किंमत सांगा आणि ओठ मिटा. समोरचा आढेवेढे घेईल, घड्याळ बघेल, उठायचं नाटक करेल. जो आधी बोलेल तो आपला नफा घालवेल.

मी दोघांनाही त्याच खोलीत बोलावलं. क्रूरपणा होता, कळत होतं. पण घरी भाचीच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता, आणि मला त्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

आधी कंटेनर आली. मी दोन ग्लास पाणी भरून ठेवलं, एक तिच्यापुढे सरकवला. तिने हात लावला नाही.

"घे की, बाळ."

"आधी तुम्ही, मॅडम. सरांनी सवयच लावलीय. गिऱ्हाइकाच्या देशात यजमानाने घोट घेतल्याशिवाय पाहुण्याने ग्लासला हात लावायचा नाही. तहानेने जीव गेला तरी."

उकाड्याच्या खोलीत दोन भरलेले ग्लास. यजमानाने घोट घेतला नाही, म्हणून पाहुण्यानेही घेतला नाही. बाईंनी केव्हाच संपवला असता. परका कुणी आला असता तर त्यानेही. समोर बसलेला माणूस भावाचा विद्यार्थीच होता, आणि तो सराव करत होता.

"त्या दुपारी तू इथे होतीस?"

"नाही." ती सरळ माझ्याकडे बघत होती. "पण तुम्ही विचारणार हे माहीत होतं. सर गेले, पोपटने नाव मागे घेतलं, जागा मला मिळणार, म्हणजे माझा फायदा."

मी डोळे मिटून खुर्चीला टेकले. बराच वेळ गेला. मधे एकदा डोळे किलकिले केले, तर ती हातांची घडी घालून निवांत भिंतीकडे बघत होती. देवळाबाहेर चपला राखणारा माणूस बसतो तशी. शेवटी मलाच हसू आलं.

"गप्प बसणं मला उपजत येतं, मॅडम," ती म्हणाली. "घरी आम्ही सहा भावंडं. बोलायला नंबरच लागायचा नाही. मला सर म्हणायचे, तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, तू सरावाला येऊच नकोस."

ती गेली. मी टेबलावर हात ठेवून बसून राहिले. भावाने नियम मोडून, स्वतःची नोकरी पणाला लावून कुणाला आत घेतलं असेल? जिला येतं तिला नाही. ज्याला येत नाही त्याला.

दारावर टकटक झाली.

५

मुलगा आत आला आणि उभाच राहिला. त्याची वर्णनं ऐकून मला वाटलं होतं, येताच बडबड सुरू करेल. त्याने नुसती मान लववली. ओठ कोरडे पडले होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"बस."

तो विक्रेत्याच्या खुर्चीत बसला. माझ्याकडे, म्हणजे त्या खुर्चीकडे, त्याला बघवत नव्हतं.

"नाव का मागे घेतलंस?"

"सरांशिवाय…" एवढंच.

मी पुढचं विचारलं नाही. डोळे मिटले, मान मागे टेकली आणि स्वस्थ बसले. बाईंनी ही जागा बोलण्याने भरली होती, मुलीने ती तशीच रिकामी ठेवली होती.

काही क्षणच गेले असतील. खुर्ची उलटी पडल्याचा आवाज झाला. धडपडत कुणीतरी टेबलाला वळसा घालून आलं, आणि माझं मनगट त्याने दोन्ही हातांनी गच्च पकडलं.

"मॅडम! मॅडम, बोला! काहीतरी बोला, प्लीज, मी हरलो, मी हरलो!"

मी डोळे उघडले. तो माझी नाडी शोधत होता. चुकीच्या जागी शोधत होता.

"मी जिवंत आहे, बाळा," मी म्हणाले. "बस खाली. आता तू सांग."

तो जमिनीवरच बसला.

सरांनीच त्याला बोलावलं होतं. म्हणाले होते, तू उद्या हरणार, आणि मला ते बघवणार नाही. आज शेवटचा सराव. कुणाला सांगू नकोस. मी एक अक्षर बोलणार नाही. तू किंमत सांगायची आणि गप्प बसायचं. तू आधी बोललास तर उद्या येऊच नकोस.

"मी किंमत सांगितली. सर गप्प. मीही गप्प. मग थोड्या वेळाने सरांना घाम यायला लागला. चेहरा पांढरा पडला. त्यांनी छातीवर हात ठेवला." त्याने श्वास घेतला. "मॅडम, हे त्यांनी आधी केलं होतं. वर्गात, सगळ्यांसमोर. गेल्या सत्रात सौद्याच्या मधेच छाती धरून वाकले होते. मी उठून पाण्यासाठी धावलो. तर सर ताठ बसले आणि म्हणाले, 'ह्याने आताच माझ्यावर दया केली, आणि त्या दयेची किंमत ह्याची कंपनी भरणार.' सगळा वर्ग हसला. महिनाभर मला रुग्णवाहिका म्हणत होते."

मला भावाचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावणं किती एकटं असतं, हे मला तेव्हा कळलं.

"म्हणून ह्या वेळी तू उठला नाहीस."

"मी मनात म्हटलं, आता फसणार नाही. तळहातांत नखं रुतवून बसलो. त्यांनी डोळे मिटले. एकदा बोट जरासं वर केलं. मला वाटलं, किंमत वाढवायला तयार आहेत, मी जिंकतोय. मग काहीच नाही. मी बसून राहिलो. आयुष्यात इतका वेळ मी कधीच गप्प बसलो नव्हतो. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, मॅडम. सर डोळे उघडतील आणि शाबास म्हणतील असं वाटत होतं." तो हुंदके देत होता. "शेवटी राहवेना. म्हटलं, सर, हरलो मी. बोला आता. ते बोलले नाहीत. जवळ गेलो, हात लावला, हात गार होता."

"आणि दिवा?"

"कुठला दिवा?" तो गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं. "मी कुणाला तरी बोलवायला पळालो. खोलीतून निघताना दिवा मालवायचा ही सवय. बाहेर आलो आणि पाय जिन्याकडेच वळले. परीक्षा बाद होईल म्हणून नाही. खरंच नाही. कुणी विचारलं असतं, तू काय करत होतास, तर काय सांगू? मी बघत होतो?"

चोर सापडला होता. जन्मभर ह्या क्षणी मला एक बारीकसं समाधान वाटत आलं. आज काहीच वाटलं नाही. चोरी कुठे होती? शिक्षकाने शिकवलं, विद्यार्थी शिकला, इतकंच झालं होतं.

पण भाचीचा प्रश्न अजून तसाच होता.

"इथे येण्याआधी सर केबिनमध्ये कोट बदलत होते, तेव्हा तू होतास?"

"हो."

"त्यांनी फोन केला कुणाला?"

त्याने मान वर केली. "मुलीला. माझ्यासमोरच केला."

६

मी त्याला दोन वाटा सांगितल्या. कॉलेजला मी काही कळवणार नव्हते. डॉक्टरांचा कागद पुरेसा होता. भाचीला मी तुझं नाव न सांगता एवढंच सांगू शकते, की कुणीतरी तिथे होतं. पण ती विश्वास ठेवणार नाही. आत्या समजूत घालतेय असंच तिला वाटेल. ज्याने ऐकलं त्यानेच सांगितलं तर गोष्ट वेगळी. ठरवणं तुझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा होता.

भाची पलंगाच्या कडेवर बसली होती, बापाची शाल गुंडाळून. मी ओळख करून दिली. तो बसला नाही.

"सर तुम्हाला फोन करत होते तेव्हा मी समोर होतो," तो म्हणाला. "त्यांना काहीही होत नव्हतं. शीळ घालत होते. राखाडी कोटाचं बटण लागत नव्हतं, म्हणून मला म्हणाले, पोट सुटलंय माझं, सांगू नकोस कुणाला. तुम्ही फोन उचलला नाही, तर हसले. म्हणाले, 'रागावलीय. खरं तर तिचंच बरोबर आहे, तपासणीला जायला हवं. संध्याकाळी घरी जाऊन कान पकडतो तिच्यासमोर.' आणि फोन निळ्या कोटाच्या खिशात टाकून तो खुंटीला लावला."

भाचीचा हात तोंडावर गेला.

"म्हणजे ते बोलवत नव्हते मला."

"नाही. तुमची माफी मागायला केला होता."

मला वाटलं, इथे थांबावं. त्याला खूण केली. पण तो थांबला नाही. त्याने उरलेलंही सांगितलं, घाम, छातीवरचा हात, वर केलेलं बोट, सगळं. स्वतःला वाचवेल असा एक शब्द त्यात नव्हता. भाचीचा चेहरा हळूहळू दगड होत गेला.

"ते तुझ्यासमोर मेले," ती म्हणाली, "आणि तू बघत बसलास."

"हो."

"जा इथून. मला तुझं तोंड बघायचं नाही."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली, मग मधेच थांबली. भाची शालीत तोंड खुपसून रडायला लागली. इतके दिवस रडत होती त्यापेक्षा हे रडणं वेगळं होतं, आतून सुटलेलं. मी तिला जवळ घेतलं. तिने मला दूर ढकललं.

"आत्या, तू खाली जा."

"कशाला गं?"

"त्याच्यामागे. तो घरी जाणार नाही सरळ. मला त्याला माफ करता येत नाहीये, कधी येईल माहीत नाही. पण त्याला एकटं सोडू नकोस." तिने नाक पुसलं. "बाबांनी सोडलं नसतं."

तो दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. मी गुडघे धरत धरत त्याच्या शेजारी टेकले. त्याने वर बघितलं नाही.

"मॅडम, मी आधी उठलो असतो तर सर वाचले असते का?"

नुकसान कुणाच्या माथी, ह्या प्रश्नाला मी जन्मभर उत्तरं देत आले होते, आणि माझ्या उत्तराखाली सहीही केली होती.

"नाही रे माहीत मला," मी म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या धाकट्या भावासाठी पहिल्यांदा रडले.